पावती ज्याची, खुर्ची त्याची

खुर्च्यांच्या दुकानात बसायचीच चोरी, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण इंचबाईच्या दुकानात अगदी तसंच होतं. दुकान इंचबाईचं नव्हे हं, मालकांचं. ती तिथे विक्रीला. खाली खुर्च्या, टेबलं, सोफे. वर पलंग, कपाटं, गाद्या. नजर जाईल तिथे टेकायची सोय, आणि टेकायचं मात्र नाही. दारात मालकांच्या वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी होती, 'बसून बघा, मगच घ्या.' ती गिऱ्हाइकांसाठी. नोकरांसाठी पाटीची गरजच नव्हती, मालकांचा आवाज होता.

"मालावर बसायचं नाही! विकणारा बसलेला दिसला की माल वापरलेला वाटतो."

इंचबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. गळ्यात मोजायची टेप असायची, पण ती नुसती शोभेला. कपाट दारातून आत जाईल की नाही, सोफा जिन्याच्या वळणावर अडकेल की नाही, हे ती नजरेनंच सांगायची आणि इंचाचाही फरक पडायचा नाही. पहिल्या भेटीत नवऱ्यानं आपली उंची जरा वाढवून सांगितली होती, तेव्हा ती पटकन म्हणाली होती, "बूट काढून सांगा." तरीही त्यानं लग्नाला होकार दिला, हा त्याचा चांगुलपणा म्हणा की घाबरटपणा.

आता तिला सातवा महिना लागला होता. दुसऱ्यांची कपाटं कुठे अडकतील ते सांगणारी ही बाई स्वतःच दोन टेबलांच्या मध्ये अडकायला लागली होती. त्याचं तिला हसूच यायचं. हसू यायचं नाही ते उजव्या खुब्याचं. चालताना खुबा जरा बरा असायचा, पण घटकाभर उभं राहिलं की कुणीतरी सांध्यात पाचर ठोकतंय असं वाटायचं. जिना चढताना ठोका, कूस बदलताना ठोका, आणि एका पायावर उभं राहून विजार चढवायची म्हटलं की विचारूच नका.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि काळजीचं काही नाही म्हणाल्या. मग सिस्टरनं तिला बाजूला घेऊन समजावलं. "बाळाला वाट करून द्यायची म्हणून शरीर सांधे सैल सोडतं. पुष्कळ जणींना होतं हे. एका पायावर भार टाकून उभ्या राहू नका. कपडे बसून घाला. कुशीवर झोपा, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. पलंगावरून उतरताना दोन्ही गुडघे जोडून वळा. कोमट पिशवीनं शेका. सोफ्यात रुतून बसू नका, कंबर गुडघ्यांच्या खाली जाता कामा नये. ताठ पाठीची, जरा उंच खुर्ची बघा. आणि मुख्य म्हणजे अधूनमधून बसा हो बाई! पाऊल टाकणंच जमेना झालं तर मात्र लगेच या."

"मी खुर्च्यांच्या दुकानातच कामाला आहे," इंचबाई म्हणाली.

"अरे वा, मग काय, मजाच आहे तुमची!"

इंचबाईला हसावं की रडावं ते कळेना.

घरी उशांची फौज जमली. एक गुडघ्यांमध्ये, एक पोटाखाली, एक पाठीमागे. नवऱ्याला पलंगाची उरली ती कड. तो बिचारा छापखान्यात दिवसभर कागद कापायचा, त्याला पातळ पट्टीची सवय होती म्हणून निभावलं. "बाळ आल्यावर मला कुठे ठेवणार?" त्यानं विचारलं. इंचबाईनं एक डोळा मिटून माप घेतलं आणि म्हणाली, "पलंगाखाली बसतोस. पाय जरा दुमडावे लागतील."

उशांनी झोप लागायला लागली, शेकानं सकाळ बरी जायला लागली. प्रश्न उरला तो दिवसाचा, दुकानातला. आणि घरात त्या प्रश्नावर मीठ चोळायला सासूबाई होत्या.

सासूबाई बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. स्वयंपाकघरात दोघं उभे दिसले तरी "पुढे सरका, आत जागा आहे!" म्हणायच्या. जेवण वाढून झालं की चमच्यानं ताटावर दोनदा टणटण वाजवायच्या. बसमध्ये डबल बेल दिली की गाडी सुटते ना, तसं. ती बेल झाल्याशिवाय घरात घास उचलायची कुणाची बिशाद नव्हती. स्वतः मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानंच जेवायच्या, सगळ्यांच्या ताटांवर नजर ठेवून. इंचबाईला वाटायचं, या बाईची ड्युटी काही संपत नाही.

आणि तोंडी एकच पालुपद. "आमच्या वेळी कुठलं आलंय बसणं? सातव्या महिन्यात उभी राहून तिकिटं फाडलीत मी, धावत्या बसमध्ये."

हे ऐकलं की इंचबाईचा खुबा जास्तच ठणकायचा. ज्याचं जळतं त्याला कळतं, या बाईला काय कळणार, असं ती मनातल्या मनात म्हणायची. तोंडानं "हो आई" एवढंच.

आता तुम्ही विचाराल, एवढं दुखतं तर बाईनं सरळ रजा का घेऊ नये? तर गोम तिथेच होती. दुकानाचा काउंटर सांभाळणारे जुने काका गावी निघून गेले होते आणि तो काउंटर इंचबाईला द्यायचं मालकांनी कबूल केलं होतं. काउंटर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. माल कुठला मागवायचा, सुताराला काय सांगायचं, कुठल्या गिऱ्हाइकाला काय शोभेल, सगळं तिथून ठरायचं. इतकी वर्षं वर-खाली पळून तिनं तो कमावला होता. पण मालकांचा भाचा टपलेलाच होता. चांगला दाढीमिशीवाला बाप्या, दुकानात येऊन वर्षही झालं नव्हतं, पण "मामा, मी बघतो ना" हे वाक्य दिवसातून शंभरदा. इंचबाई लवकर घरी बसली की काउंटर त्याच्याकडे जाणार, आणि एकदा गेलेला काउंटर परत येतो थोडाच? म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला, असं भाच्याला होणार. तिची रजा सुरू व्हायला अजून बरेच आठवडे होते. तेवढे काढायचे होते, बस्स.

मग इंचबाईनं डोकं चालवलं. टेबलाच्या पायांचं माप घ्यायच्या निमित्तानं ती गुडघे नि हात टेकून जमिनीवर उतरायची. त्या अवस्थेत पोटाचा भार खाली झुलायचा आणि खुब्याला अस्सा आराम पडायचा की तिच्या तोंडून "आहाहा" निघायचं. एकाच टेबलाचे चारही पाय तिनं एवढ्या वेळा मोजले की एक गिऱ्हाईक बिचकलं. "काय हो, टेबलात काही खोट आहे का?"

"खोट? छे हो! हे टेबल बघितलं ना, की मला राहवतच नाही."

गिऱ्हाइकानं ते टेबल घेतलं, ही गोष्ट वेगळी.

मागच्या खोलीत पॉलिशवाला काम करायचा. त्यानं तिच्यासाठी रंगाचा रिकामा डबा पालथा घालून ठेवला होता. पॉलिशच्या वासानं तिला मळमळायचं म्हणून खिडकी उघडून, नाक दाबून ती पाच मिनिटं टेकायची. डबा बुटका, त्यामुळे कंबर गुडघ्यांच्या खाली, म्हणजे सिस्टरनं सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट. उठताना पॉलिशवाल्याला दोन्ही हात धरून ओढावं लागायचं. तरी तेवढाच आसरा. तोही भाच्यानं हेरला आणि मामाच्या कानावर घातला.

मालकांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण बापाच्या नियमापुढे त्यांना देवही दिसायचा नाही. "इंचबाई, तुम्ही आता घरी आराम करा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. काउंटर भाचा बघेल."

"मला जमतंय, मालक."

"जमतंय तर डब्यावर कशाला बसता?"

"डबा माल थोडाच आहे?"

मालकांनी शेजारी उभ्या भाच्याकडे बघितलं. भाचा म्हणाला, "मामा, तो डबासुद्धा दुकानाचाच आहे." काय बुद्धी बघा!

"हे बघा," मालक शेवटी म्हणाले, "उभं राहून काम होत असेल तर खुशाल या. पण दुकानाच्या कुठल्याही वस्तूवर बसलेल्या दिसलात, तर त्या दिवसापासून रजा. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर इंचबाईनं चप्पलसुद्धा काढली नाही. ओट्याशी गेली, पाणी प्यायली आणि भांडं हातात धरून रडायला लागली. खुबा दुखत होता म्हणून नव्हे. इतक्या वर्षांचं काम एका डब्यापायी जाणार, याचा संताप होता तो. दाराच्या चौकटीला टेकून सासूबाई बघत होत्या. इंचबाईला वाटलं, आता आलं 'आमच्या वेळी'. पण सासूबाईंनी भलतंच विचारलं.

"तुमच्याकडे पैसे भरले की माल कुणाचा?"

इंचबाईनं नाक पुसलं. "गिऱ्हाइकाचा. आम्ही त्याला लाल चिठ्ठी लावतो, 'विकलं' म्हणून."

"आणि गिऱ्हाइकानं लगेच नाही नेला तर?"

"तर तो सांगेल तिथे, सांगेल तसा ठेवायचा. हाही मालकांच्या वडिलांचाच नियम. एका आजोबांनी पलंग घेतला आणि घरी रंगकाम चाललंय म्हणून ठेवला. वर म्हणे, उशाकडची बाजू खिडकीकडे करून ठेवा. महिनाभर तस्साच ठेवला मालकांनी. पण आई, हे आत्ता कशाला?"

"सहज गं. आमच्याकडेही असंच होतं. तिकीट ज्याचं, सीट त्याची. मग त्यानं तिथे स्वतः बसावं की गाठोडं ठेवावं, त्याची मर्जी." त्यांनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "रडू नकोस. नियम कधी मोडायचा नसतो. त्याच्यावर पक्का शिक्का मारून घ्यायचा असतो."

इंचबाईला यातलं ओ की ठो कळलं नाही. तिला वाटलं, म्हातारपण.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बऱ्यापैकी गर्दी होती. एक नवं जोडपं कपाटावरून भांडत होतं, एक आजीबाई स्टुलं बघत होत्या. इंचबाई दोन्ही पायांवर सारखा भार देऊन एका कपाटाला पाठ लावून उभी होती, तेवढ्यात दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा इंचबाईच्या नवऱ्याचा होता आणि नाकावरून सारखा घसरत होता. इंचबाई "आ" म्हणायच्या आतच सासूबाईंनी तिला गाठलं.

"अहो बाई, इथे खुर्च्या कुठे मिळतील?"

चहूकडे खुर्च्या! इंचबाई दाखवायला पुढे सरकली. पण भाचा कशाला संधी सोडतोय? तो टुणकन पुढे आला. "या, या, काकू! मी दाखवतो. त्यांना जरा... त्यांचं जरा अवघड आहे हल्ली."

"दिसतंय मला," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी भाच्याला दुकानभर फिरवला. प्रत्येक खुर्ची हलवून बघितली, प्रत्येक पायाला टिचकी मारली. एका मऊ सोफ्यावर हात दाबला तर तो कोपरापर्यंत आत गेला. "हा सोफा आहे की विहीर? माझा हात परत द्या आधी!" नवं जोडपं भांडण विसरून हसायला लागलं.

मालक काउंटरवरून म्हणाले, "काकू, पाटी वाचलीत ना? बसून बघा की."

"मी बसत नसते. उभ्यानंच कळतं मला सगळं."

फिरत फिरत त्या कोपऱ्यात आल्या. तिथे हेडमास्तर उभा होता. हेडमास्तर म्हणजे एक खुर्ची. ताठ पाठ, उंच बैठक, रुंद हात, गादी अशी टणक की पेन्सिल टाकली तर टणकन उडायची. कुठल्या तरी सुतारानं कुठल्या तरी काळात केलेली. घ्यायला कुणी तयार नसायचं, कारण तिच्यावर बसलं की आता आपल्याला पाढे विचारणार असं वाटायचं. एक गृहस्थ बसले होते आणि उगाचच माफी मागून उठले होते.

"ही द्या," सासूबाई म्हणाल्या.

भाच्याला आनंद लपवता येईना. मामाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते त्यानं करून दाखवलं होतं! सासूबाईंनी घासाघीसही केली नाही. पिशवीतून पैसे काढले तेही सुट्टे, अगदी मोजून, जन्माची सवय. भाच्यानं पावती फाडली, स्वतःच्या हातानं लाल चिठ्ठी चिकटवली आणि इंचबाईकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"आता ही खुर्ची कुणाची?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमची, काकू!"

"माझी म्हणजे पक्की माझी? तुमचा काही हक्क उरला का हिच्यावर?"

मालक काउंटर सोडून पुढे आले. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्यांना फार आवडायचं. छातीवर हात ठेवून, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असे ते म्हणाले, "तीळभरही नाही! आमच्या वडिलांचा शब्द आहे. पैसे भरले की माल गिऱ्हाइकाचा. तुम्ही सांगाल तिथे आणि सांगाल तसा ठेवू."

"मग राहू द्या काही दिवस. घरी पाळण्यासाठी जागा करतोय आम्ही."

"राहू द्या की! वर्षभर राहू द्या!"

"पण कोपऱ्यात नको. त्या काउंटरच्या मागे ठेवा, उजेडात."

"अरे, उचल!" मालक म्हणाले, आणि भाच्यानं धापा टाकत हेडमास्तर उचलून काउंटरच्या मागे नेऊन ठेवला.

"आणि एक. खुर्ची नुसती पडून राहिली की बिघडते. हिच्यावर रोज कुणीतरी बसायला हवं."

मालकांचा चेहरा जरा बदलला. "काकू, त्याचं असं आहे, आमच्याकडे विकणारं माणूस मालावर बसत नाही."

"तुमच्या मालावर ना?"

"हो."

"आणि ही?"

स्टुलं बघणाऱ्या आजीबाई चष्मा पुसून पुढे सरसावल्या. मालकांनी लाल चिठ्ठीकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं, वडिलांच्या पाटीकडे बघितलं.

"ही... तुमची," ते म्हणाले.

"मी सांगेन तशी ठेवणार ना?"

"ठेवणार."

"मग हिच्यावर ती बाई बसेल." सासूबाईंनी इंचबाईकडे बोट दाखवलं. "काम करता करता, हवं तेव्हा, हवं तितकं. दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही."

"मामा, पण हे..." भाचा पुटपुटला.

"तू गप्प बस! पावती कुणी फाडली?"

"बस गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "लाजू नकोस. माझी खुर्ची आहे."

इंचबाई काउंटरच्या मागे गेली आणि हेडमास्तरवर टेकली. पाय जमिनीला सपाट लागले, कंबर गुडघ्यांच्या वर राहिली, पाठ पाठीला भिडली आणि उजव्या खुब्यातली ती पाचर कुणीतरी अलगद काढून घेतल्यासारखं झालं. तिचे डोळे भरून आले. पोटातल्या बाळानंही एक लाथ मारून पसंती कळवली.

सासूबाई दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या, चष्मा काढला आणि परत आल्या. पिशवीतून जेवणाचा डबा काढून चष्म्यासकट काउंटरवर ठेवला.

"हा घे तुझा डबा. सकाळी ओट्यावरच विसरलीस. आणि येताना हा तुझ्या नवऱ्याचा चष्मा घेऊन ये, माझ्या नाकावर राहत नाही."

मालकांनी डब्याकडे बघितलं. मग इंचबाईकडे. "या तुमच्या कोण?"

"सासूबाई," इंचबाई म्हणाली, डब्यामागे तोंड लपवत.

नवं जोडपं खो खो हसत सुटलं. मालक जिना चढून वर गाद्यांमध्ये जाऊन उभे राहिले. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या कामाला कुठे होत्या?"

"बसवर. कंडक्टर."

"तरीच!" मालक म्हणाले आणि कुलूप लावता लावता त्यांनाही हसू फुटलं.

त्यानंतर इंचबाईची गाडी रुळावर आली. घटकाभर बसायचं, उठून दुकानात एक चक्कर, परत बसायचं. गंमत म्हणजे काउंटरमागे निवांत बसलेली अवघडलेली बाई बघून दोन गिऱ्हाइकांनी अगदी तश्शीच खुर्ची मागितली, आणि मालकांना सुताराकडे माणूस धाडावं लागलं. भाचा वरच्या मजल्यावर गाद्या दाखवायला गेला. तिथे गिऱ्हाईक आडवं पडायचं आणि हा उभा.

रजेच्या आदल्या दिवशी सुताराकडून नव्या खुर्च्या आल्या. मालकांनी त्यातली एक हेडमास्तरच्या शेजारी आणून ठेवली. तिच्यावर लाल चिठ्ठी होती.

"ही कुणी घेतली?" इंचबाईनं विचारलं.

"मी. रोख पैसे भरून. पावती आहे." मालक दुसरीकडेच बघत होते. "तुमची जुनी उद्या घरी जाईल ना. तुम्ही परत याल तेव्हा काउंटरला खुर्ची नको का? नियम बदललेला नाही हं! तसं कुणाला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून हेडमास्तर घरी आला. सासूबाईंनी फुटपाथवर उभं राहून टेम्पोवाल्याला "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या, थांबा!" करत मागे घेतलं आणि खुर्ची स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवून घेतली. मग नेहमीसारख्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"बस की," त्या म्हणाल्या. "आता तर मालकाचाही धाक नाही."

इंचबाई बसणार, तेवढ्यात तिची नजर सासूबाईंवर गेली. सवयीची नजर, माप घेणारी. आणि ती तशीच थांबली. सासूबाईंचा उजवा खुबा डाव्यापेक्षा इंचभर खाली होता. सगळा भार डाव्या पायावर, उजवा नुसता टेकवलेला. आजचं नव्हतं हे. ज्या अर्थी चौकटीचा रंग बरोबर त्या जागी उडाला होता, त्या अर्थी वर्षानुवर्षांचं होतं. साऱ्या गावाची दारं मापणाऱ्या बाईला घरातला हा एक इंच कधी दिसला नव्हता.

"आई, तुमचा खुबा."

"त्याला काय झालंय?"

"कधीपासून?"

सासूबाईंनी पदर उगाच सारखा केला. "तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून. सातव्या महिन्यात धरला तो पुरता सुटलाच नाही. कंडक्टरची सीट असायची, पण गर्दीत कुणा म्हातारीला द्यावी लागायची. गाडी भरून माणसं असायची, सगळी बसलेली. मला कुणी बस म्हणालं नाही गं. आता बसलं की उठताना कळ येते, म्हणून उभीच बरी."

"आणि मला रोज ऐकवत होतात, 'आमच्या वेळी' म्हणून!"

"ऐकवत कुठे होते? सांगत होते. उभी राहून तिकिटं फाडली म्हटलं की तू 'हो आई' म्हणून निघून जायचीस. पुढचं कधी विचारलंस?"

इंचबाईला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या रिकाम्या खुर्चीची. तिनं हेडमास्तर जरा पुढे ओढला.

"बसा."

"अगं, ही तुझ्यासाठी घेतलीय. मला कशाला?"

"उंच आहे. सिस्टर म्हणाली होती, उंच बैठक असली की उठताना त्रास होत नाही. बसा."

"तू बस आधी. दोघांचं वजन उचलतेयस."

"पावती कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग झालं तर. तिकीट ज्याचं, सीट त्याची."

चौकट सोडून सासूबाई दोन पावलं पुढे आल्या, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि हळूच, जपून, खाली बसल्या. कळ येईल म्हणून डोळे घट्ट मिटलेले. कळ आली नाही. एक डोळा उघडला, मग दुसरा.

इंचबाईनं कोमट पिशवी आणून त्यांच्या उजव्या बाजूला सरकवली आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर दोन उशा टाकून टेकली. बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं हाक मारली, "आई, चहा टाकतेस का?"

सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर बोटातल्या अंगठीनं दोनदा टणटण वाजवलं.

"तूच टाक रे, तिघांचा," त्या ओरडल्या. "आता शेवटचा स्टॉप येईपर्यंत मी काही उठत नाही!"